पाहुण्याला पोचवण्याचे अंतर

शनिवार, दिनांक ११ जानेवारी २०२५, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. अनसिंगच्या फाट्यावर आम्ही दोघे वाशीमच्या बसची वाट पाहत उभे होतो. पाठीच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झालेल्या तीन माणसांना आम्हाला भेटायचे होते. ‘उभे होतो’ हे माझ्यापुरतेच खरे. माझी पत्नी अंजना चहाच्या हॉटेलापुढच्या बाकावर बसली होती, आणि तिने घरापासून ढकलत आणलेली माझी जुनी सायकल हॉटेलवाल्याने आत घेतली होती.

सायकलीचा खुलासा आधी करायला हवा. अंजनाला सायकल चालवता येत नाही. तिचे वय अडुसष्ट. दोन वर्षांपासून ती शंभरेक मीटर चालली की दोन्ही पाय मांडीपासून जड होत, मुंग्या येत आणि तिला मिळेल त्या ओट्यावर बसावे लागे. दोन मिनिटे बसली की पाय पूर्ववत. पण सायकलीच्या हँडलवर भार देऊन, किंचित पुढे वाकून ती ढकलत चालली, तर तीच अंजना फाट्यापर्यंत येऊ शकत असे. हा शोध तिला अपघाताने लागला होता. गल्लीतल्या बाया थट्टा करीत.

“काय वं अंजनाबाई, सायकल शिकून राह्यल्या का?”

“मी कायले शिकू? मीच तिले चालाले शिकवून राह्यली,” अंजना म्हणे आणि पुढे जाई.

मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस. अमरावतीच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर एसटीच्या कर्मशाळेत चौतीस वर्षे काढली. एखादे यंत्र ताठ असताना अडते आणि वाकवले की चालते, हे पाहिल्यावर कारण शोधल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी ते कारण चित्र काढून दाखवले. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकला होता. त्या जागी नसांची वाट अरुंद झाली होती. माणूस ताठ उभा राहिला की ती वाट आणखी आवळते आणि पुढे वाकला की रुंदावते. म्हणून सायकल.

“उपाय दोन आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एक, नसांवर दाब देणारे हाड आणि जाड झालेले पडदे कोरून काढायचे. दोन, ते काढायचेच, शिवाय स्क्रू आणि सळया टाकून दोन्ही मणके कायमचे जोडायचे. दुसरी शस्त्रक्रिया मोठी, रक्तस्राव जास्त, सावरायला वेळ जास्त. मणका हलत असेल तर ती लागते. हलत नसेल तर या वयात दोन्हींचे निकाल बरेचसे सारखे येतात. पुढच्या वेळी वाकून आणि ताठ उभे राहून एक्स-रे काढू, मग ठरवू. पण मला आधी एक सांगा, बाई. ऑपरेशननंतर तुम्हाला काय करता यायला हवं?”

मी उत्तर दिले, “वेदना कमी व्हायला हवी.”

“मी त्यांना विचारलं.”

अंजनाने पदर सारखा केला. “मले पोरीले फाट्यापर्यंत पोचवता आलं पायजे. सायकल न घेता.”

आमची मुलगी रत्नमाला यवतमाळला असते. महिन्या-दीड महिन्याने येते. पूर्वी ती परत निघाली की अंजना फाट्यापर्यंत तिच्याबरोबर जाई. एका हातात तिची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिचा हात. आमच्याकडे पाहुण्याला पोचवायला जाणे ही नुसती रीत नाही. जे घरात सर्वांसमोर बोलता येत नाही, ते त्या वाटेवर बोलून होते. दोन वर्षांपासून अंजना दाराशीच थांबत होती. सायकल घेऊन ती एकदा गेली होती. “पोरगी नाई, चक्कीवर दळन पोचवल्यावानी वाटलं,” असे म्हणून पुन्हा गेली नाही.

“फाटा किती लांब आहे?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“सहाशे चाळीस मीटर,” मी म्हणालो. ते मी केव्हाच मोजून ठेवले होते.

माझा कल पहिल्यापासून स्क्रू-सळयांकडे होता, हे नमूद करतो. ढिला झालेला सांधा बोल्टने आवळावा, हे माझ्या हाडांत मुरलेले. अंजनाचे म्हणणे उलटे. “तुमच्या बशीले लावा बोल्ट. मी काई बस नाई.” शेवटी आमच्यात एवढे ठरले की ज्यांच्या पाठीवर ही कामे होऊन गेली आहेत, त्यांनाच जाऊन विचारावे. चौकशी केल्यावर जिल्ह्यात ओळखीची तीन माणसे निघाली. मी प्रश्न तयार केले. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. शेवटचा प्रश्न असा: फरक किती पडला, दहापैकी सांगा.

मंगरूळपीरला पोचायला साडेदहा झाले. जगदेव हे तिथले जुने जमीनदार. एके काळी त्यांचे ट्रॅक्टर मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करून देत असे, ती ओळख. वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी नागपूरला त्यांचे तीन मणके सहा स्क्रू टाकून जोडले होते. बैठकीत ते उंच पाठीच्या खुर्चीत बसले होते आणि शेजारी त्यांचा मुलगा गणेश मोबाइलवर एक्स-रे काढून उभा होता.

“हे पाहा काका. सहाच्या सहा. एकदम लेव्हलमंदी.”

एक्स-रे सुंदर होता. स्क्रूंची ओळ पाहून मला कर्मशाळेची आठवण झाली आणि बरे वाटले. मी प्रश्न विचारले. जगदेव ठासून उत्तरे देत होते. पायाची आग? बंद. गोळ्या? नाही. मी दहापैकी किती असे विचारताच ते हसले.

“दहा-बिहा कायले, भिवाजी? आपल्या हिशेबानं सांगतो. सोळा आने. रुपया पुरा.”

“काकूले भेव दाखवू नका हं बाबा,” गणेश म्हणाला.

“भेव कायचं? म्या काई खोटं सांगून राह्यलो का? वैनी, डोये मिटून करून टाका.”

अंजनाने मान हलवली. ती जगदेवांच्या पायांकडे पाहत होती. मला वाटले, संकोचाने. आम्ही उठलो तेव्हा जगदेवांनी खुर्चीतूनच हात जोडले आणि गणेशला आमच्यासाठी गाडी काढायला सांगितली. त्याने आम्हाला स्टँडवर सोडले. इतका मान मिळाल्याचे मला समाधान वाटले.

परतीच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून थोडे आत असलेल्या खेड्यात भागिरथाबाई राहतात. वय चौऱ्याहत्तर. नवरा वारलेला, दोन एकर शेती, मुलगा पुण्याला, सून निकिता जवळ. तीन वर्षांपूर्वी त्यांचा केवळ दाब काढला होता, स्क्रू नाहीत. बसमधून उतरून त्यांच्या घरापर्यंत जाताना अंजनाला चार ठिकाणी बसावे लागले.

भागिरथाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. माझा पहिला प्रश्न पुरा होण्यापूर्वीच त्यांनी सुरुवात केली.

“काय सांगू बाप्पा! कंबर ते कंबर, खांदे धरते, मान धरते. रातीच्यान झोप नाई. डाक्टरनं कापलं, शिवलं, पन माह्या अंगात काई चार आने बी जीव नाई राह्यला.”

निकिता स्वयंपाकघरातून बोलली, “परवा तर वावरात दिवसभर तूर सोंगली, मामीजी.”

“गप वं तू! पाहुन्याइसमोर नजर लावतं का? काम केलं म्हनून का दुखत नाई? इनले इचार, दुखत राह्यते का नाई.”

“दुखते ना, बाई,” अंजना म्हणाली.

“पाह्य!”

मी विचारले, “म्हणजे फरक चार आणेच धरू?”

“धरा. तीन धरा. तुमाले जे धराचं ते धरा, पन बाईले पाठवू नका त्या कसाबखान्यात.”

चहा झाला. शेंगांनी भरलेली पिशवी अंजनाला देऊन भागिरथाबाई आमच्याबरोबर निघाल्या. वाटेत त्यांची तक्रार अखंड चालू होती: गुडघ्यांची, डोळ्यांची, लेकाची, ग्रामपंचायतीच्या नळाची. अंजना बसली की त्या शेजारी उभ्या राहून बोलत. ती उठली की पुन्हा चालत बोलत. बस आल्यावर त्यांनी वाहकाला “बाईले पुढं जागा दे रे, तिची कंबर गेली हाय” असे ओरडून सांगितले आणि पाठमोऱ्या होऊन घरच्या वाटेला लागल्या.

बस सुरू झाल्यावर मी निष्कर्ष मांडला. जोडणी केलेल्याचे सोळा आणे, न केलेल्याचे चार. तिसरा माणूस भेटायचा असला तरी दिशा स्पष्ट होती.

अंजना तुरीची एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकत होती. “जगदेवभाऊ उठले का?”

“कधी?”

“आपन निंगालो तवा.”

“गाडी दिली ना त्यांनी.”

“गाडी दिली. ते उठले का?”

मी आठवून पाहिले. नव्हते उठले.

“आन् भागिरथाबाई कुठवर आल्या?”

वाहकाने घंटी वाजवली. “बसपर्यंत,” मी म्हणालो. मी इतक्या काळजीने प्रश्न तयार केले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस खुर्चीत बसून राहिला होता व एक बाई अर्धा किलोमीटर चालली होती. या दोन गोष्टींसाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.

पण मला इतक्यात मान्य करायचे नव्हते. “जगदेव आळसाने उठले नसतील. मोठी माणसे आहेत.”

“मोठ्या मानसाले पाहुना पोचवता येत नाई का? माहा बाप त्याइच्या दारी कितीकदा गेला असन. तवा ते वेशीपर्यंत पोचवाले येत.”

“आणि भागिरथाबाई चार आणे का म्हणाल्या?”

“बरं हाय म्हटलं का नजर लागते. आन् सुनंपुढं बरं हाय म्हटलं का उद्या पुन्ना वावर.” अंजना हसली. “मी बी तसंच सांगतलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जगदेवांना फोन केला. एक माप संशयास्पद निघाले की ते पुन्हा घ्यावे, एवढीच माझी पद्धत. गणेश जवळ नसावा, कारण त्यांचा आवाज सैल होता.

“जगदेवभाऊ, काल एक विचारायचे राहिले. तुम्ही आता किती चालता?”

“चालतो? संडासापर्यंत. कवा ओसरीपर्यंत.”

“मग सोळा आणे कसे म्हणालात?”

ते म्हणाले, “भिवाजी, म्या दोन सालं झोपलो नव्हतो. पायात रातभर इस्तव पेटत होता. बायको पाय दाबू दाबू थकली. डाक्टरले म्या हात जोडले, म्हटलं मले झोपू दे. आता आडवा झालो का सकाळ होते. मानसाले अजून काय पायजे?”

“आणि चालणे?”

“चालनं कोनी इचारलं होतं?”

फोन ठेवून मी प्रश्नांचा कागद पुन्हा काढला. जगदेव खोटे बोलले नव्हते. त्यांना झोप हवी होती. ती त्यांना सोळा आणे मिळाली होती. भागिरथाबाईंना काय हवे होते, कोण जाणे. कदाचित लेक पुण्याहून परत यायला हवा होता आणि ते कोणत्याही शस्त्रक्रियेने होणारे नव्हते. मी दोघांनाही ‘फरक किती’ असे विचारले. कशात फरक, हे विचारले नाही. प्रत्येकाने आपापल्या रुपयातले आणे सांगितले आणि मी ते एकाच तागडीत टाकले.

अंजनाला हे सांगितले, तर तिने तूर निवडता निवडता विचारले, “मंग तिसऱ्याकडे जायाचं का नाई?”

“जायचे. पण आता एकही प्रश्न विचारायचा नाही.”

“जमन का तुमाले?”

किसनसिंग पोहरादेवीला राहतात. वय एकोणसत्तर. सहा वर्षांपूर्वी त्यांचे दोन मणके जोडले होते. अंजनाचे जे मणके बिघडले, तेच. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा जत्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे रस्ते मोकळे होते. त्यांच्या घरी आम्ही भाकरी, वांग्याची भाजी खाल्ली, पिकांविषयी बोललो, आणि मी पाठीचे नावही काढले नाही. ते मला फार जड गेले. किसनसिंगच शेवटी म्हणाले, “अहो, कंबरेचं इचाराले आले म्हनून ऐकलं होतं. का जेवाले आले?”

“दोन्हीसाठी,” अंजना म्हणाली.

“मंग आयका. आपरेशन झालं आन् चार सालं घोड्यावानी पळालो. पोतं उचललं, बैल हाकलले. दोन सालं झाले, पुन्ना पाय जड पडून राह्यले.”

आम्ही निघालो तसे ते उठले, अंगणातली मोटारसायकल स्टँडवरून काढली आणि हँडल धरून ढकलत आमच्याबरोबर चालू लागले. मला वाटले, पुढे जाऊन सुरू करतील. शंभर मीटर झाले, अंजना एकदा बसून उठली, दोनशे झाले, गाडी बंदच.

“गाडी बंद पडली आहे का? मी पाहू?” मी विचारले.

“गाडी बेस्ट हाय. मीच बंद पडतो.”

“मग बसून चालू का करत नाही?”

“बसून गेलो तं पोचवनं कसं झालं? तुमच्यासंगं चालाले पायजे ना.”

अंजना मध्येच थांबली. नेहमीप्रमाणे बसण्यासाठी थांबली असे मला वाटले, पण ती किसनसिंगांच्या पाठीकडे पाहत होती. त्यांची छाती हँडलवर झुकली होती.

“किसनभाऊ, हे गाडी सोडून दोन पावलं चालून दाखवा बरं. ताठ.”

त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि ताठ चालले. एका पानटपरीपर्यंत गेले आणि तिथल्या फळीला हात देऊन वाकले. “बस. आग लागली पायात.”

“आता गाडी धरून.”

त्यांनी धरली, वाकले, चालले. तीच टपरी ओलांडून पुढे गेले. मागे वळून ते म्हणाले, “हे काय जादू हाय वं बाई?”

“माह्यापाशी सायकल हाय. तुमची जरा महागाची हाय, एवढंच.”

पानटपरीवाला खो खो हसला. किसनसिंगही हसले. मग मी त्यांना डॉक्टरबाईंचे चित्र रस्त्यावरच्या धुळीत काठीने काढून दाखवले: नसांची वाट, ताठ असताना आवळणारी, वाकल्यावर उघडणारी. ते उकिडवे बसून पाहू लागले. दोन वर्षे आपण गाडी का ढकलतो, याचे कारण त्यांना प्रथमच कळत होते.

“पन माहे तं मणके जोडले हायत. मंग कुठची वाट बुजली?”

“जोडल्याच्या वरची, बहुतेक. डॉक्टरांनी सांगितले नाही?”

“सांगतलं. वरचा मणका खराब म्हने. काहून खराब झाला, ते नाई सांगतलं.”

त्यावर माझ्याजवळ एक अंदाज होता. बसच्या चाकांवर पोलादी पाट्यांची चळत असते. गचका बसला की सगळे पाटे थोडेथोडे वाकतात आणि भार वाटून घेतात. एखाद्या अडाणी हाताने त्यातले दोन पाटे वेल्डिंगने चिकटवले तर ती जागा भक्कम होते, पण तिथे जे वाकणे व्हायचे ते शेजारच्या पाट्याला करावे लागते. काही हजार किलोमीटरनंतर तो शेजारचा पाटा तडकतो. आम्ही तसे पाटे कितीतरी पाहिले होते.

“म्हंजे चांगल्याचा शेजारी भोगते,” किसनसिंग म्हणाले.

“कधी कधी. सगळ्यांच्या बाबतीत नाही. आणि तुमचा वरचा मणका वयानेही झिजला असेल. मला ते ठरवता येणार नाही.”

“पन चार सालं भेटले ना मले. ते काई कमी नाई. म्या पुन्ना तेच केलं असतं.”

हे त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितले. बस येईपर्यंत ते हँडलवर झुकून उभे होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. एक्स-रे निघाले, एक वाकून आणि एक ताठ. डॉक्टरबाईंनी दोन्ही एकमेकांशेजारी लावले आणि पडद्यावर मोजले.

“फरक जेमतेम एका मिलिमीटरचा आहे. मणका सरकलेला आहे, पण जागच्या जागी घट्ट बसला आहे. आणखी एक. हाडांची घनता कमी आहे. स्क्रूची पकड कमी राहील.”

“भुसभुशीत भिंतीत आम्ही लाकडी गुटका ठोकतो आणि मग स्क्रू पिळतो,” मी म्हणालो. “हाडात तसे काही?”

“सिमेंट भरता येतं.”

“खरोखरचे सिमेंट?”

“हाडांचं वेगळं असतं.” त्या हसल्या. मला त्या सिमेंटविषयी पुष्कळ विचारायचे होते. किती वेळात घट्ट होते, तापते का. अंजनाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

मी तीन माणसांची हकीकत सांगितली. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, “तिघांवरून शास्त्र ठरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे किसनसिंग जोडणीशिवाय कदाचित दोन वर्षंही चालले नसते. आणि त्या बाईंसारखं सगळ्यांचं होत नाही. फक्त दाब काढला आणि पुढे मणका हलू लागला, तर काही जणांना दुसरी शस्त्रक्रिया लागते. ती तेव्हा अवघड जाईल.”

“किती जणांना?”

“दहातल्या एखाद्याला, कधी दोघांना. तुम्ही त्यातल्या आहात की नाही, हे मी आज सांगू शकत नाही.”

मी अंजनाकडे पाहिले. माझ्या मनातला बोल्ट अजून पुरता निघाला नव्हता. एकदाच काय ते पक्के करून टाकावे. अडुसष्टाव्या वर्षी एकदा टेबलावर गेलेली बाई सत्तराव्या वर्षी पुन्हा कशाला जावी? हे मी बोलूनही दाखवले.

“मॅडम, मले लवकर उठाचं हाय,” अंजना म्हणाली. ती माझ्याशी नाही, डॉक्टरबाईंशी बोलत होती. “पोरगी येत-जात राह्यते, पावसाळ्यात बी येईन. मले तवा चालाचं हाय. पुढचं पुढं. ते कोरून काढा. बोल्ट नको.”

“आणि दुसऱ्यांदा करावं लागलं तर?”

“तं तवाचं दुखनं तवा पाहू. भागिरथाबाई तीन सालं झाले चालून राह्यल्या.”

“आणि बोंबलून राहिल्या आहेत,” मी म्हणालो.

“बोंबलाचं माह्या हातात हाय. चालाचं नाई.”

गुरुवारी, २० फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली. दोन तासांहून कमी वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभी केली, चौथ्या दिवशी घरी पाठवली. पहिले तीन आठवडे वाईट गेले. जखम ओढत होती, ताप येऊन गेला, आणि मी एकदा म्हणालो की बोल्ट टाकले असते तर बरे झाले असते. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी पुन्हा अनुभवू इच्छित नाही. एप्रिलपासून पायातल्या मुंग्या कमी झाल्या. कंबर मात्र सकाळी धरे, आजही धरते. लोक विचारायला येत, “कसं हाय अंजनाबाई?” ती म्हणे, “चार आने.” मी आत जाऊन चहा ठेवत असे.

मधल्या खेपांना अंजना दाराशीच थांबली होती. रत्नमाला २२ ऑगस्टला पुन्हा आली आणि रविवारी, २४ तारखेला दुपारी परत निघाली. पाऊस थांबला होता. रस्ता ओला होता, पण चिखल नव्हता. अंजनाने तिची पिशवी उचलली.

“आई, ठेव ना. मी घेते ते.”

“तुह्या हाताले माहा हात पायजे, मंग पिशवी कोन धरन?”

मी चपला घातल्या. अंजना म्हणाली, “येऊन राह्यले तं या. पन मोजत येऊ नका.”

“आणि सायकल?”

“ते घरीच बरी.”

मी त्या दोघींच्या मागे, आवाज ऐकू येणार नाही इतके अंतर ठेवून चाललो. त्या वाटेवर काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. पहिल्या चढावर अंजनाचा वेग मंदावला, पण ती थांबली नाही. पूर्वी जिथे ती पहिल्यांदा बसत असे तो ओटा मागे पडला. मग पिठाची गिरणी, मग शाळेची भिंत. नाल्यावरच्या पुलाजवळ तिने पिशवी खाली ठेवली आणि कठड्यावर बसली.

मी धावत गेलो. रत्नमाला तिच्यापुढे उकिडवी बसली होती. “दुखून राह्यलं का आई?”

“दुखत नाई. पाय म्हनतात बस, म्हनून बसली.” अंजनाला थोडा दम लागला होता. “फाटा दिसून राह्यला इथून. पाह्य, तुही बस लागली.”

“जाऊ दे. पुढची हाय ना.”

“मंग बस माह्यापाशी.”

त्या बसल्या. मीही थोड्या अंतरावर बसलो, कारण कोणी मला जायला सांगितले नाही. बस गेली. अर्ध्या तासाने दुसरी आली तेव्हा रत्नमालाने पिशवी घेतली आणि एकटी पुढे गेली. अंजना कठड्याला हात टेकून उभी राहिली आणि ती गाडीत चढेपर्यंत पाहत राहिली. घराच्या दारातून फाटा दिसत नाही.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” परतताना मी विचारले.

“कुठचं? फाटा तं राह्यलाच ना.” थोडे चालून ती म्हणाली, “आता एकदम दिवाळीत येईन म्हनते.”

सोमवारी सकाळी, अंजना भाजी आणायला गेल्यावर, मी फीत घेऊन दारापासून पुलाच्या कठड्यापर्यंत गेलो आणि मोजले. सायकलीशिवाय, न थांबता: चारशे बारा मीटर.